मज्जापेशींचे रखवालदार

काही वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, मुळशी तालुक्यातील चांदे या गावी एका परिचितांच्या घरी जाण्याचा आम्हांला योग आला. चांदे पुण्यापासून फार लांब नाही. हिंजवडीच्या उंच इमारती आता या गावांच्या आसपास येऊन ठेपल्या आहेत. तथापि पाऊस लागला की उरलीसुरली भातखाचरे अजूनही पूर्वीसारखीच हिरवीगार दिसतात आणि इंद्रायणी भाताचे कौतुक येथे अजून संपलेले नाही. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर फवारणीचा पंप आडवा पडला होता आणि त्याच्या शेजारीच घोंगडीवर घरातील तरुण नातू निजला होता. आदल्या दिवशी खोडकिड्यासाठी त्याने भातावर क्लोरपायरिफॉस फवारले होते. पंप थोडा गळत होता, पाठीवरची बंडी भिजली होती, पण काम अर्धे टाकून यावयाचे कसे म्हणून तो तसाच तीन-चार तास खाचरात राहिला. रात्री त्याला घेरी आली, तोंडाला पाणी सुटू लागले, समोरचे धूसर दिसू लागले. वेळीच डॉक्टरांकडे नेले, सुया टोचल्या, रात्रभर ठेवून घेतले आणि सकाळी घरी पाठविले. जिवावरचे टळले होते.

घरातील आजींनी आम्हांला चहा दिला आणि समोर बसून एक प्रश्न टाकला. "साहेब, किड्याचं औषध हाये न्हवं ते? मंग मान्साला कशापायी लागावं? मान्साचं आन् किड्याचं काय नातं?"

आम्ही विज्ञानावर बोलणारे व लिहिणारे म्हणवितो. पण या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देणे आम्हांला त्या वेळी साधले नाही. आज या व्याख्यानमालेच्या निमित्ताने ते सविस्तर द्यावे असे योजिले आहे.

आरंभी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भाषेनेच येथे आपली थोडी फसगत केली आहे. ज्याने ताप उतरतो तेही औषध, आणि ज्याने किडा मरतो तेही औषधच! 'औषध मारले', 'औषध आणले' असे आपण सहज बोलतो आणि त्या शब्दाच्या ओघात बाटलीवरची कवटीची खूण किंवा लाल त्रिकोण डोळ्यांआड होतो. त्या बाटलीत असते ते विष, आणि ते मज्जासंस्थेचे विष असते. ते काय बिघडविते हे समजण्यासाठी आपल्या डोक्यातील मज्जापेशींचे रक्षण एरवी कोण करते हे आधी पाहावयास हवे.

हे रक्षण करणारे पदार्थ म्हणजे एन्झाइम. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांना विकर असे नाव आहे. विकर म्हटले की पचनाची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावीत राहिले तर तो गोडसर लागू लागतो. लाळेतील विकर पिठाची साखर करीत असतो. विकर हे प्रथिनांचेच बनलेले असतात. प्रत्येकाच्या अंगी एक विशिष्ट आकाराची खाच असते, त्या खाचेत ठरावीकच पदार्थ बसतो, क्षणार्धात त्याचे दुसरे काही होते आणि खाच पुन्हा मोकळी होते. जात्याची उपमा येथे बरी लागू पडते. तोंडात दाणा पडतो, पीठ बाहेर येते आणि जाते होते तसेच पुढच्या दाण्याला तयार राहते. शरीरात अशी हजारो जाती अहोरात्र फिरत असतात, आणि त्यांतील काही जाती केवळ मेंदूला जपण्यासाठी आहेत असे म्हटले तरी चालेल.

मेंदूला इतके जपावयाचे कारण उघड आहे. कातडी खरचटली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते. मेंदूत मात्र सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात, आणि एकदा मेलेल्या मज्जापेशीच्या जागी नवी येणे जवळजवळ नाहीच. शिवाय या पेशी फार खर्चिक आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के. पण आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटाच वापरतो. जेथे चूल एवढी मोठी तेथे धूर आणि ठिणग्याही आल्याच. त्यांविषयी पुढे बोलू.

आता एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे जातो कसा? विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळांना वाटे की तारेतून वीज जाते तसाच तो जात असावा. १९२१ साली ऑस्ट्रियातील ऑटो लोवी यांनी दोन बेडकांची हृदये घेऊन एक प्रयोग केला. हृदयाचा वेग कमी करणारी जी मज्जा आहे ती त्यांनी पहिल्या हृदयावर उत्तेजित केली. हृदय मंद झाले. मग त्या हृदयाच्या भोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्याला कोणतीही मज्जा जोडलेली नव्हती, तरी तेही मंद झाले! म्हणजे निरोप विजेने नव्हे, तर कोणत्या तरी रसायनाने गेला होता. या प्रयोगाची कल्पना आपणांस झोपेत सुचली असे लोवी सांगत. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लोवी आणि इंग्लंडातील हेन्री डेल यांना त्याबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेल यांना त्याआधीच, १९१४ साली, एक गोष्ट खटकली होती. ॲसिटिलकोलीनचा परिणाम फार प्रखर असतो, पण तो टिकतो क्षणभरच. तेव्हा रक्तात किंवा पेशींत त्याचा चटकन निकाल लावणारा एखादा विकर असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले, आणि ते खरे ठरले. या विकराला ॲसिटिलकोलिनएस्टरेज म्हणतात. नाव लांबलचक आहे. आपण त्याला पुढे 'झाडूवाला' म्हणू. दारावर निरोप्या येतो, कडी वाजवितो, निरोप पोचतो. मग त्या निरोप्याला दारातून तत्काळ हटविणे हे या झाडूवाल्याचे काम. त्याचा एकेक कण सेकंदाला हजारो निरोप्यांचे तुकडे करतो. शरीरातील अत्यंत चपळ विकरांत त्याची गणना होते. १९९१ साली त्याच्या रचनेचा नकाशा हाती आला तेव्हा त्याची खाच ही एका अरुंद, खोल घळीच्या तळाशी आहे असे दिसून आले.

हा झाडूवाला थांबला तर काय होईल, हे आजींच्या नातवाच्या अंगावर थोडे दिसले होते. निरोप्या दारातून हलत नाही, कडी वाजतच राहते. लाळग्रंथीला 'पाणी सोड' हा निरोप अखंड मिळतो, म्हणून तोंडाला पाणी सुटते. डोळ्यांची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणून धूसर दिसते. घाम येतो, पोटात कळा येतात, स्नायू फडफडतात. विष अधिक गेले असेल तर श्वासनलिका पाण्याने भरू लागतात, श्वासाचे स्नायू दमून थांबतात, आणि मेंदूतही तीच आग लागते. तेथे ॲसिटिलकोलीनच्या गोंगाटाने झटके सुरू होतात. झटके लांबले की ग्लुटामेट नावाचे दुसरे, अधिक धोक्याचे उत्तेजक रसायन उसळते; त्यामुळे पेशींची दारे उघडून कॅल्शियम आत लोटते आणि पेशीची ऊर्जा बनविणाऱ्या भट्ट्याच आतून बिघडू लागतात. मग पेशी मरू लागतात. प्राणवायू कमी पडत असेल तर हे अधिकच वेगाने घडते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. माणसाचे आणि किड्याचे नाते आहे. खोडकिड्याची अळी आणि आपण यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण मज्जातंतूंच्या दाराशी बसविलेला हा झाडूवाला दोघांनीही जवळजवळ तसाच राखला. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही स्फुरदयुक्त विषे याच झाडूवाल्याच्या खाचेत जाऊन बसतात आणि तेथेच चिकटतात. जात्याच्या तोंडात दाण्याऐवजी खडा अडकावा तसे हे होते. किड्याचे जाते लहान, म्हणून तो थोड्यात मरतो. आपले शरीर मोठे, म्हणून आपल्याला अधिक लागते. फरक मुख्यतः मात्रेचाच. इतिहासही याला साक्षी आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ किड्यांवरचे विष शोधीत होते, आणि त्या शोधात त्यांच्या हाती टाबून नावाचे, माणसांना मारणारे युद्धविष लागले. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत ज्या सारिनने माणसे मेली तेही याच कुळातले.

मग आपण सारेच रोज थोडेफार हे विष भाजीपाल्यातून खात असता तडफडत कसे नाही? कारण झाडूवाल्याच्या पुढे आणखी दोन पहारे आहेत.

पहिला पहारा रक्तात असतो. त्याचे नाव पॅराऑक्सोनेज. हा विकर यकृतात तयार होतो आणि रक्तातील स्निग्ध कणांवर बसून हिंडतो. काही जातींचे स्फुरदविष सापडले की तो त्याचे तुकडे करतो. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी हा विकर मुळीच नसलेले उंदीर तयार केले. क्लोरपायरिफॉसला ते इतर उंदरांपेक्षा कितीतरी अधिक बळी पडले. माणसामाणसांतही त्याचे प्रमाण वेगळे असते. एकाच पंपाने फवारणाऱ्या दोघां भावांत एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे एक कारण हेही असू शकते. नवजात मुलांत तो फारच थोडा असतो आणि पुढील काही वर्षांत वाढत जातो. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरात फवारलेले कपडे खुंटीला टांगू नयेत, हे आम्ही का म्हणतो ते यावरून ध्यानी यावे.

दुसरा पहारा जरा गमतीचा आहे. झाडूवाल्याचा एक चुलतभाऊ रक्तात असतो. त्याला ब्युटिरिलकोलिनएस्टरेज म्हणतात. याला स्वतःचे असे फारसे निकडीचे काम नाही. तो नसला तरी माणूस वर्षानुवर्षे धडधाकट जगतो. आंध्रातील वैश्य समाजात अशी काही कुटुंबे आढळली आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ता लागतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी भुलेबरोबर स्नायू सैल करणारे एक विशिष्ट औषध दिल्यावरच, कारण ते औषध मोडणारा कोणी नसल्याने श्वास बराच वेळ परतत नाही. पण विष आले की हा चुलतभाऊ आपली खाच पुढे करतो आणि विषाचा एकेक कण स्वतःवर घेतो. तो स्वतः वाया जातो, पण तितके विष मेंदूपर्यंत पोचत नाही. इस्पितळात 'कोलिनएस्टरेज' म्हणून रक्ताची जी तपासणी करतात ती बहुधा याचीच असते.

सगळे विकर आपले मित्रच असतात असे मात्र समजू नये. क्लोरपायरिफॉस बाटलीतून येते तेव्हा ते फारसे जहाल नसते. यकृतातील काही विकर, नेहमीच्या सवयीने, त्यावर प्राणवायूची क्रिया करतात आणि त्यातून खरे जहाल रूप जन्माला येते. घरभेदी म्हणावे तर तसेही नाही. ते बिचारे आपले नित्याचे काम करीत असतात. परिणाम एवढाच की कधी कधी लक्षणे फवारणीच्या वेळी न दिसता काही तासांनी, रात्री, घरी आल्यावर दिसतात, आणि माणूस त्यांचा संबंध उन्हाशी किंवा शिळ्या अन्नाशी जोडतो.

आता पेशीच्या आतील चूल आणि ठिणग्या. व्याख्यानाच्या वेळी आम्ही टेबलावर बटाट्याची एक फोड ठेवून तिच्यावर औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, तेव्हा फसफसून फेस आला आणि पुढच्या रांगेतील मुले उठून पाहू लागली. तो फेस म्हणजे प्राणवायूचे बुडबुडे. बटाट्यातील कॅटलेज हा विकर त्या दाहक पदार्थाचे पाणी आणि प्राणवायू करीत होता. आपल्या पेशींतही प्राणवायूच्या ज्वलनातून असे दाहक पदार्थ सतत निघतात. त्यांतला पहिला सुपरऑक्साइड. त्याला निवविणारा विकर आहे हे अमेरिकेतील मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखविले. त्याचे नाव सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. तो सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करतो आणि मग कॅटलेज व ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज हे दोघे पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात. मेंदूत कॅटलेज फार थोडा असल्याने हे शेवटचे काम मुख्यतः दुसऱ्यावर पडते. झटक्यांच्या वेळी हीच माणसे थकतात. ठिणग्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक आणि विझविणारे तेवढेच.

या आतल्या फळीवर एक मुकादमही आहे. त्याचे नाव सर्टुइन-तीन. पेशीच्या भट्टीतच तो असतो आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेजला चिकटलेली एक रासायनिक गाठ सोडवून त्याला कामास लावतो. अमेरिकेतील मार्क मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास असे दाखविले की हा विकर नसलेल्या उंदरांच्या मज्जापेशी ताणाखाली, झटके आणणाऱ्या विषाखाली, लवकर मरतात. आणि ज्या उंदरांना पळण्याचे चाक दिले होते त्यांच्या मेंदूत तो वाढलेला आढळला व त्यांच्या पेशी तग धरून राहिल्या. चाकावर पळूनही, ज्यांच्यात तो विकर मुळातच नव्हता त्यांना मात्र हा लाभ झाला नाही. उंदरांवरून माणसांवर उडी मारू नये हे आम्ही जाणतो. व्यायामाचे इतर लाभ पुष्कळ आहेत. पण पहाटे पर्वतीवर चढून येणाऱ्याने आपण कीटकनाशक पचवू शकतो असा समज करून घेऊ नये.

मुख्य प्रश्न राहिला तो झाडूवाल्याचा. खाचेत अडकलेला खडा काढता येतो काय?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन आणि डेव्हिड नाकमनसोन यांनी याचा विचार केला. विषाचा कण खाचेला जेथे चिकटतो तेथे अगदी बरोबर बसेल आणि त्याला उपटून काढील असा रेणू हवा होता. १९५५ साली प्रॅलिडॉक्झिम हे औषध त्यांतून निघाले. आपल्या इस्पितळांत त्याला 'पाम' म्हणतात. विषबाधेत प्रथम देतात ते ॲट्रोपिन, आणि ते हवेच. पण ॲट्रोपिन झाडूवाल्याला सोडवीत नाही, ते फक्त दाराच्या कडीत बोळा घालते म्हणजे आवाज ऐकू येत नाही. प्रॅलिडॉक्झिम झाडूवाल्यालाच मोकळा करते. निदान करावे, अशी अपेक्षा.

आता जी गोष्ट सांगतो ती पुणे जिल्ह्यातली आहे आणि तिचा आम्हांला अभिमान वाटतो. प्रॅलिडॉक्झिम किती आणि कसे द्यावे यावर जगभर मतभेद होते. बारामतीच्या गिरिराज रुग्णालयातील डॉ. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम तीव्रतेची विषबाधा झालेले २०० रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. आरंभी सर्वांना दोन ग्रॅमची मात्रा दिली. नंतर एका गटाला दर चार तासांनी एक ग्रॅम आणि दुसऱ्या गटाला दर तासाला एक ग्रॅम, अखंड धारेने, ४८ तास. चार तासांनी देणाऱ्या गटातील १०० पैकी ८ रुग्ण दगावले. अखंड धारेच्या गटात १ दगावला. श्वासासाठी नळी घालावी लागली ती पहिल्या गटात ८८ जणांना, दुसऱ्यात ६४ जणांना. पहिल्या दिवशी ॲट्रोपिनची गरज मधल्या रुग्णाला तीसऐवजी सहाच मिलिग्रॅम लागली. २००६ साली हा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बारामतीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या खाटांजवळ केलेले टिपण विषवैद्यकाच्या जागतिक चर्चेत आले, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी माहीत असावयास हवी तेवढी नाही.

परंतु विज्ञानात अभिमानालाही पुरावा विचारला जातो. २००९ साली श्रीलंकेतील २३५ रुग्णांवर केलेला दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रॅलिडॉक्झिमचा लाभ दिसला नाही. उलट ते मिळालेल्यांत मृत्यू काहीसे जास्तच होते, जरी तो फरक निश्चयात्मक म्हणण्याइतका नव्हता. मग खरे कोण? दोन्हींकडचे रुग्ण, त्यांनी घेतलेली विषे, इस्पितळात पोचण्याचा वेळ आणि अतिदक्षता विभागाची सोय ही वेगवेगळी होती. यात एक रासायनिक कारण विशेष महत्त्वाचे आहे. खाचेत अडकलेला खडा काही काळाने घट्ट होऊन बसतो; शास्त्रज्ञ याला विकराचे 'वृद्धत्व' म्हणतात. एकदा ते आले की कोणताही चिमटा त्याला काढू शकत नाही. स्फुरदविषांचे दोन मोठे कुटुंबगट आहेत. एकात अर्धे झाडूवाले साधारण पावणेचार तासांत म्हातारे होतात. मोनोक्रोटोफॉस या गटातले. दुसऱ्यात तेवढ्यालाच साधारण ३३ तास लागतात. क्लोरपायरिफॉस या गटातले. आता हिशेब करा. खाचरातून घरी येणे, 'ऊन लागले असेल' म्हणून कांदा हुंगविणे, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू पाहणे, मग गाडी शोधणे, तालुक्याला जाणे, तेथून पुढे पाठविणे. यात चार तास जावयास काय लागते? मिठाच्या पाण्याने तर अपाय होतो आणि वेळही जातो. त्याऐवजी भिजलेले कपडे काढून साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवावे, धुणाऱ्याने स्वतःच्या हाताला विष लागू देऊ नये, आणि विषाची बाटली किंवा तिच्यावरील कागद रुग्णाबरोबर न्यावा. कोणत्या कुटुंबातले विष आहे हे डॉक्टरांना त्या कागदावरून पहिल्या मिनिटाला कळते.

यवतमाळात २०१७ च्या खरिपात काय झाले ते आपणांस स्मरत असेल. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपेक्षा वर गेली होती. फवारणारा मजूर विषाच्या धुक्यातच चालत होता. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके, आणि निरनिराळी विषे एकत्र मिसळलेली. त्यांतली सर्वच स्फुरदविषे नव्हती, त्यामुळे उपचारही गोंधळात पडले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात गेले. त्या नोव्हेंबरात राज्य सरकारने मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या द्रव स्वरूपावरील बंदीचा आदेश २०२३ साली काढला. मध्यंतरी २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात हेच विष गेले आणि २३ मुले मेली. भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ पासून निषिद्ध होता. पण निषेध कागदावर असतो आणि डबा फळीवर.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल की हे शेतकऱ्यांचे दुःख झाले. वाळवीसाठी घराच्या पायात आणि चौकटींच्या कडेने पुष्कळ ठिकाणी क्लोरपायरिफॉसच घालतात. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी विस्मरणाचा आजार जडलेले वडीलधारे असतील तर त्यांना डोनेपेझिल ही गोळी दिली जात असेल. तीही याच झाडूवाल्याच्या खाचेत बसते! त्या आजारात ॲसिटिलकोलीन कमी पडते, म्हणून झाडूवाल्याला मुद्दाम किंचित मंद करतात, म्हणजे जो थोडा निरोप येतो तो दारात जरा वेळ तरी राहील. एकाच खाचेत बसणारी ही गोळी आणि ते विष. एक मोजून दिलेली आणि सुटून जाणारी, दुसरे बेमाप आणि चिकटून बसणारे.

चांद्याच्या आजींना आम्ही यातले थोडेसेच सांगू शकलो. जात्याचा दाखला त्यांना पटला. 'खडा' म्हणताच त्यांनी मान हलविली. मग त्यांनी विचारले, "मंग आता ह्याचं जातं पुन्ना कवा फिराया लागंल?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षाही मार्मिक होता. ज्या झाडूवाल्याचा खडा घट्ट झाला तो गेलाच. शरीराला नवा घडवावा लागतो. तांबड्या पेशींतील या विकराचे मोजमाप सोपे असते, आणि तेथे भरपाई होते ती दिवसाला सुमारे एक टक्का, जुन्या तांबड्या पेशी जाऊन नव्या येतात त्या वेगाने. म्हणून एकदाच फवारून थोडेसे लागलेल्या माणसापेक्षा आठवडा-आठवड्याला फवारणारा अधिक धोक्यात असतो. प्रत्येक वेळी पाच-दहा टक्के जातात, भरून येण्यापूर्वी पुढची फवारणी येते, आणि एखाद्या दिवशी नेहमीच्याच मात्रेने माणूस आडवा होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून अशा कामगारांच्या रक्तातील हा विकर वेळोवेळी मोजतात. तांबड्या पेशींतला विकर स्वतःच्या मूळ प्रमाणाहून तीस टक्के उतरला की त्या माणसाला विषाच्या कामावरून बाजूला करतात. आपल्याकडे फवारणीच्या रोजंदारीवर जाणाऱ्याचे मूळ प्रमाण कोणी मोजलेलेच नसते. मग उतरले किती हे कसे कळावे?

आम्ही आजींना म्हटले, "आजी, तीस टक्के गेले असतील असे धरले तर एक महिना तरी लागेल. तोवर त्याला पंपाला हात लावू देऊ नका."

आजींनी बोटांच्या पेरांवर मोजले. "काल पंचीम झाली. म्हंजी गणपती येत्याल तवर." मग त्या उठल्या, ओसरीवरचा पंप उचलू लागल्या, एकदम थांबल्या आणि नातवाच्या धाकट्या भावाला हाक मारून म्हणाल्या, "ए, हातात पिशव्या घालून ह्ये गोठ्यामागं नेऊन ठिव. आन् ती बाटली चुलीमागच्या फळीवरनं काढ."

ती बाटली तोपर्यंत गोडेतेलाच्या किटलीशेजारी होती.